गुडघेदुखीसाठी रोज काय घ्यावं: शल्लकी की पेनकिलर?

गुडघ्याची झीज असलेल्यांसाठी हे लिहितोय. आमवात असेल तर गणितच वेगळं. तिथे संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं औषध सोडू नका.

लवकर आराम हवा असेल तर पेनकिलरच सरस. घरात लग्नकार्य आहे, परवा प्रवास आहे, अशा वेळी शल्लकी कामाची नाही. सालईच्या डिंकाचं हे औषध सुरुवातीचे काही आठवडे तर घेतोय की नाही असं वाटायला लावतं.

मी मात्र शल्लकीकडे वळलो ते एकाच जाचामुळे. पेनकिलर घेतली की गुडघा गप्प, आणि एक दिवस चुकली की दुसऱ्या सकाळी कठडा धरून, आडवा होत, एकेक पायरी उतरायची. कुठेही निघताना चष्म्याआधी गोळ्यांची स्ट्रिप चाचपायची. शल्लकी अंगी लागल्यावर मात्र मध्ये खंड पडला तरी जिना सोपाच राहिला.

हा केवळ माझाच भास नसावा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या नागपूरच्या चाचणीत 66 रुग्णांवर शल्लकी आणि वाल्डेकॉक्सिब नावाची पेनकिलर यांची तुलना झाली. वाल्डेकॉक्सिबचा गुण महिन्याभरात दिसला, पण औषध चालू होतं तोवरच. शल्लकीचा उशिरा आला आणि औषध थांबवल्यावरही टिकला. चाचणी छोटी होती आणि कोणाला कुठलं औषध मिळतंय हे उघड होतं, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये.

त्याहून भक्कम काम पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांचं, 2013 चं. 440 रुग्ण, 24 आठवडे, आणि कोण काय घेतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. गुळवेल, सुंठ, आवळा, शल्लकी यांच्या अर्कांची औषधं सेलेकॉक्सिब ही पेनकिलर आणि सांध्यांसाठी दिलं जाणारं ग्लुकोसामाइन यांच्या तोडीची ठरली. मात्र आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलं. त्रास कुणाला जाणवला नाही आणि औषध थांबवल्यावर आकडा पूर्ववत झाला, तरी ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार’ हे मनातून काढून टाका आणि यकृताची तपासणी अधूनमधून करून घ्या.

ज्यांना कधीतरीच दुखतं, त्यांना डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरेशी असावी. दुखणं रोजचं असेल, त्यातून बीपी किंवा किडनीची तक्रार असेल, तर पेनकिलर वर्षानुवर्षं घेणं मला धोक्याचं वाटतं. अशांनी डॉक्टरांशी बोलून दोन-तीन महिने शल्लकीला द्यावेत.