स्टार्व्ह्ड रॉक स्टेट पार्क : एका दिवसात काय पाहावे, काय सोडावे

भारतातून आई-वडील राहायला आले की शिकागो परिसरातील बहुतेक मराठी घरांत तिसऱ्या आठवड्याला एकच प्रश्न उभा राहतो. लेमाँटचे मंदिर झालेले असते, डाउनटाऊन आणि तळ्याचा काठ पाहून झालेला असतो, आणि मुक्कामाची सहल काढण्याइतकी रजा कोणाकडेच उरलेली नसते. अशा वेळी कोणीतरी ‘स्टार्व्ह्ड रॉकला नेऊन आणा’ असा सल्ला देते. इलिनॉय नदीच्या दक्षिण काठावर, युटिका आणि ओगल्सबी या गावांजवळ असलेल्या या उद्यानात आम्ही आजवर चार वेळा, वेगवेगळ्या ऋतूंत, जाऊन आलो आहोत. शेवटची खेप यंदा एप्रिलच्या अखेरीस, माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईला आणि दहा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन झाली. हा अभिप्राय मुख्यतः त्या दिवसावरून लिहीत आहे, कारण गुडघ्यांचा विचार करून सहल आखावी लागली की ठिकाणाचे खरे गुणदोष कळतात.

शिकागोच्या नेपरव्हिल या उपनगरातून आय-८० महामार्गाने गेल्यास सव्वा तास पुरतो. ८१ क्रमांकाच्या एक्झिटवरून युटिका गाव ओलांडून पुलावरून नदीपलीकडे गेले की उद्यानाचे प्रवेशद्वार येते. वर्षाकाठी वीस लाखांच्या आसपास लोक येथे येतात, आणि त्यांतील निम्मे आपल्याच दिवशी आले आहेत असे शनिवारी सकाळी अकरा वाजता वाटते. वाहनतळ भरले की गाड्या आत घेणे काही काळ बंद केले जाते. आम्ही पहिल्या खेपेला डबा भरण्याच्या नादात साडेअकराला पोहोचलो आणि तासभर रांगेत बसलो. तो दोष सर्वस्वी आमचा होता. त्यानंतर आम्ही नऊच्या आत पोहोचण्याचा नियम केला असून तो पाळणाऱ्याला हे उद्यान पुष्कळच वेगळे दिसते.

ज्या खडकावरून उद्यानाला नाव मिळाले, तो माहिती केंद्रापासून पाव मैलाच्या थोडा पुढे आहे. नदीपासून सव्वाशे फूट उंच असलेल्या या कातळावर लाकडी जिन्याने चढता येते. १६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल आणि टोंटी या फ्रेंचांनी येथे फोर्ट सेंट लुई हा किल्ला बांधला होता. त्याआधी, १६७५ मध्ये, मार्केट या धर्मगुरूने समोरच्या काठावरील कास्कास्किया या मूळनिवासी लोकांच्या मोठ्या वसाहतीत ख्रिस्ती मिशन सुरू केले होते. ‘उपासमारीचा खडक’ हे नाव मात्र नंतरचे आहे. १७६९ मध्ये पाँटिऍक या मूळनिवासी सरदाराचा खून झाल्यावर त्याच्या बाजूच्या टोळ्यांनी सूडापोटी इलिनिवेक या दुसऱ्या मूळनिवासी समूहाच्या लोकांना या माथ्यावर कोंडले आणि ते उपाशी मेले, अशी दंतकथा सांगितली जाते. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नसल्याने इतिहासकार ती जपूनच सांगतात. आपल्याकडे प्रत्येक गडाला एक कडेलोट आणि एक भुयार असतेच, त्यातलाच हा प्रकार असावा असे मला वाटते. राजगड-तोरणा पाहिलेल्या माणसाने तट-बुरुजांची अपेक्षा ठेवून वर जाऊ नये. माथ्यावर झाडे, लाकडी फलाटाची वाट आणि कठडे आहेत, किल्ल्याचे काही उरलेले नाही. खाली धरण, त्याच्या वरच्या अंगाला पसरलेले संथ पाणी आणि खालच्या अंगाला प्लम बेट दिसते. दृश्य सुरेख आहे, पण संपूर्ण उद्यानात सर्वाधिक गर्दी आणि सर्वांत कमी विसावा याच ठिकाणी आहे. पाय दुखणारे कोणी बरोबर असल्यास हा चढ सोडावा.

उद्यानाचे खरे वैभव त्याच्या अठरा घळींत आहे. येथील नकाशात त्यांना कॅन्यन म्हटले असले तरी ग्रँड कॅन्यनची कल्पना मनात आणू नये. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या अरुंद घळी आठवाव्यात, फक्त दगड काळ्याऐवजी मधासारखा पिवळट. सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेल्या वाळूचा हा खडक, सेंट पीटर वालुकाश्म, इतका ठिसूळ आहे की हाताचा तळवा भिंतीवरून फिरवला तर कण चिकटून येतात. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या महापुरांनी नदीचे खोरे खोल कापले आणि त्यात उतरणाऱ्या लहान ओढ्यांनी या घळी कोरल्या. याच थरातली वाळू शेजारच्या ऑटावा गावाजवळ खणली जाते. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या वाचकांना येथे एक गंमत कळेल. आपण प्रयोगशाळेत सिमेंटचे ठोकळे पाडताना चेन्नईजवळच्या एन्नोरची प्रमाणित वाळू वापरली. अमेरिकेत त्या जागी जी ‘ऑटावा सँड’ येते, ती हीच. मुलीच्या बुटातून निघालेली चिमूटभर वाळू मी तळहातावर पसरून पाहिली, तेव्हा ती पांढरी, गोलसर आणि चाळून घेतल्यासारखी एकसारखी होती. खडक असा मऊ असल्याने भिंतींवर नावे कोरणाऱ्यांचेही फावले आहे; बदाम आणि बाण या बाबतीत हे लोक आपल्या गडांवरच्या वीरांपेक्षा कोठेही कमी पडलेले नाहीत.

आता धबधब्यांविषयी, कारण बहुतेकांची निराशा तेथेच होते. छायाचित्रे पाहून जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या माणसाला अनेक घळींत केवळ ओला डाग पाहून परतावे लागते. येथील धबधबे बर्फ वितळण्यावर आणि पावसावर चालतात. मार्च ते मे हा काळ, आणि त्यातही जोरदार पाऊस पडून गेल्यानंतरचा दुसरा दिवस, सर्वांत चांगला. झऱ्याचे पाणी मिळत असल्याने सेंट लुई घळीत इतरांपेक्षा अधिक काळ धार टिकते. जानेवारी-फेब्रुवारीत हेच धबधबे गोठून निळसर खांब होतात आणि परिस्थिती अनुकूल असल्यास काही ठरावीक घळींत बर्फारोहणाला परवानगी दिली जाते. पाहायला ते अद्भुत असते, मात्र त्या दिवसांत पायवाटाही काचेसारख्या झालेल्या असतात आणि बुटांना लावायचे काटे नसतील तर पहिल्या उतारावरच सहल आटोपते.

एकाच घळीसाठी वेळ असेल तर मी ला साल घळ निवडेन. माहिती केंद्रापासून ती सुमारे दोन मैलांवर आहे आणि नदीकाठच्या वाटेने जाताना डाव्या हाताला सतत पाणी दिसत राहते. आम्ही गेलो तेव्हा वाटेच्या कडेला पांढरी ट्रिलियम फुलली होती आणि धरणाखालच्या पाण्यावर पांढऱ्या पेलिकनांचा थवा कसलीही घाई नसल्यासारखा तरंगत होता. घळीत धबधब्याच्या मागून चालत जाता येते. कातळाच्या पुढे आलेल्या छपराखालून वाकून पलीकडे जाताना पडद्यासारख्या धारेतून बाहेरची झाडे थरथरताना दिसतात. माझी मुलगी तेथून पाच वेळा गेली. लहान मुलांना सर्वांत आवडणारी जागा मात्र फ्रेंच घळ असावी, कारण तिच्या तोंडाशी पन्हाळीसारख्या अरुंद, ओल्या कातळातून खाचांत पाय रोवत वर जावे लागते. साधे स्पोर्ट्स शूज येथे घसरतात, तेव्हा तळव्याला खाचा असलेलेच बूट घालावेत.

आईला आम्ही दुपारी गाडीने पूर्वेकडच्या ऑटावा घळीच्या वाहनतळावर नेले. हा भाग पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि ज्येष्ठांसाठी माझी ठाम शिफारस हीच आहे. येथून कौन्सिल ओव्हरहँग हे प्रचंड कातळछत आणि ऑटावा व कास्कास्किया या घळी थोड्या चालण्यात, फारशा पायऱ्या न चढता, पाहून होतात. लेण्याच्या सभामंडपात शिरावे तसे त्या छताखाली शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

वाटांची आखणी हा या उद्यानाचा मोठा गुण आहे. नदीकाठची वाट तांबडी, कड्यावरची तपकिरी आणि आतल्या जोडवाटा हिरव्या अशी नकाशावर रंगसंगती आहे, आणि झाडांवर किंवा खांबांवर पिवळा ठिपका दिसला तर आपण माहिती केंद्रापासून दूर जात आहोत, पांढरा दिसला तर परतत आहोत, असा साधा संकेत आहे. घळींत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. ठिपके मात्र कधी दगा देत नाहीत. घळींच्या वाटांवर स्वच्छतागृहे नाहीत, ही गोष्ट ज्येष्ठांना आणि मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी. वाट सोडून जाण्यास बंदी आहे व ती गांभीर्याने घ्यावी, कारण या कड्यांवरून पडून माणसे दगावलेली आहेत.

जेवणासाठी नदीलगतच्या हिरवळीवर बाके आहेत. शाकाहारी मंडळींनी डबा नेणेच श्रेयस्कर. आम्ही थालीपीठ, दही आणि लसणाची चटणी नेली होती. जेवण बरोबर असले तरी कड्यावरच्या लॉजच्या दिवाणखान्यात एकदा डोकावून यावे. १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात सरकारी योजनेतील तरुणांनी उभारलेली ती ओंडक्यांची वास्तू आणि तिच्या मधोमध असलेली दुतोंडी दगडी शेकोटी पाहण्यासारखी आहे.

माझी एकच तक्रार, आणि तीही नियमाविषयी नसून मनाविषयी आहे. नदीकाठचे उद्यान असूनही येथे नदीला स्पर्श करता येत नाही. धरणाजवळचे प्रवाह धोकादायक असल्याने पोहण्यास आणि पाण्यात उतरण्यास मनाई आहे. वाईच्या घाटावर वाढलेल्या माझ्या आईने हिरवळीच्या कडेला येताच सवयीने चपला काढल्या. ‘आजी, पाण्यात नाही जायचं, बोर्ड लावलाय,’ असे मुलीने सांगितल्यावर ती काही वेळ तशीच अनवाणी उभी राहिली आणि म्हणाली, ‘नदीवर आले आणि पाय धुतले नाहीत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.’

याची भरपाई पलीकडच्या काठावर झाली. पूल ओलांडून उजवीकडे वळले की सैन्याच्या अभियंता विभागाचे इलिनॉय जलमार्ग माहिती केंद्र लागते. ते उद्यानात मोडत नाही, त्यामुळे बहुतेक सहलींतून सुटते. आम्हीही पहिल्या तीन खेपांना ते सोडले याचा आता खेद वाटतो. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या, मिशिगन सरोवर मिसिसिपीला जोडणाऱ्या जलमार्गावरील येथील जलपाश (लॉक), म्हणजे बोटींना धरणाच्या वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात किंवा उलट नेणारी दरवाजांची कोठी, कठड्यावरून अगदी जवळून पाहता येते. कोठी सहाशे फूट लांब आणि एकशे दहा फूट रुंद आहे, तर मका-सोयाबीन घेऊन निघालेला पंधरा तराफ्यांचा (बार्जचा) ताफा जवळजवळ हजार फुटांचा असतो. म्हणून तो मधोमध सोडवावा लागतो. आमच्या समोर नऊ तराफे आधी आत घेतले, ढकलणारी बोट बाकीचे सहा घेऊन मागे सरली, दरवाजे मिटले आणि तो एवढा लोखंडी पसारा कसलाही आवाज न करता हळूहळू खाली गेला. डेकवरच्या दोरखंडवाल्याने मुलीला हात केला. पुढचे सहा तराफे येऊन ताफा पुन्हा जोडला जाईपर्यंत दीड तास जाणार, हे मी आईला दोनदा सांगून पाहिले. तिने पिशवीतून उरलेले थालीपीठ काढले आणि कठड्याजवळच्या बाकावर मला बसायला जागा करून दिली.