एस्टीमला बसवलेले अॅल्युमिनियमचे लोअर आर्म : अकरा महिन्यांनंतर

माझी जुनी मारुती एस्टीम आता रस्त्यावर फिरत नाही. सासवडजवळ मित्राच्या पडीक रानात आम्ही मातीचा ट्रॅक केलाय, तिथं ती ट्रेलरवरून जाते आणि तिथंच पळते. पुढचे लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, अॅल्युमिनियमचे करून घेतल्याला अकरा महिने झाले. एवढ्या काळात दोन जोड्या झाल्या. पहिली चार महिन्यांत उतरवली, दुसरी अजून गाडीखाली आहे.

पहिली जोडी ६०६१-टी६ या अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पट्ट्या कापून टिग वेल्डिंगने जोडलेली होती. हातात घेतली की भक्कम वाटायची, वेल्डही देखणी. सोबत मटेरियलचं सर्टिफिकेट. या धातूची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा वाकायला लागतो तो, सुमारे २७५ मेगापास्कल असते आणि मी त्या आकड्यावर विसंबलो. पण तो आकडा पट्टीचा होता, वेल्डचा नाही. टी६ म्हणजे धातू तापवून, पाण्यात विझवून, मग मंद आचेवर कित्येक तास मुरवून आणलेली ताकद. वेल्डिंगच्या आचेने वेल्डच्या दोन्ही बाजूंना इंचभर पट्ट्यात ती जाते, यील्ड निम्म्याच्याही खाली उतरते. नंतर पुन्हा हीट ट्रीटमेंट केलेली नव्हती. मी विचारायला हवं होतं.

चार महिन्यांनी डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट केली, डोळ्यांना न दिसणारे तडे रंगाने दाखवणारी. आर्म स्वच्छ पुसायचा, लाल पेनिट्रंट मारायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. डाव्या आर्मवर बॉल जॉइंटच्या (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) अलीकडे, वेल्डच्या अगदी काठाला नऊ मिलिमीटरची लाल रेघ उमटली. तोवर स्टिअरिंगमध्ये काहीच जाणवलं नव्हतं. गाडी सरळ चालत होती, आवाज नव्हता. त्या संध्याकाळी गाडी स्टँडवर चढवून ठेवली.

मग बसून हिशेब केला, जो आधी करायचा होता. चालकासह गाडी साधारण ९५० किलो, पुढच्या एका चाकावर २८० च्या आसपास. ब्रेक दाबलेला असताना चाक खड्ड्याच्या काठावर आदळलं तर २ जी, म्हणजे त्या वजनाच्या दुप्पट जोर धरू : ५६० किलोचा मागे रेटा. बॉल जॉइंट जमिनीपासून २०० मिलिमीटरवर, स्ट्रटचं (चाकावरचा स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बरचा उभा खांब) वरचं टोक ७०० वर. त्यामुळे खालच्या आर्मवर हा रेटा १.४ पट होऊन पडतो, जवळपास ७८० किलो. आर्मच्या अरुंद भागात, २५ मिलिमीटर जाड आणि ६० रुंद छेदात, या रेट्याने आर्म वाकताना पडणारा ताण सुमारे १३० मेगापास्कल निघतो. अखंड धातूला हे सहज पेलतं. वेल्डशेजारच्या मऊ पडलेल्या धातूची यील्डच त्याहून कमी. तडा दुसरीकडे कुठे जाणार होता?

दुसरी जोडी भोसरीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं कोरायचं मशीन) ६०८२-टी६ च्या एकाच जाड प्लेटमधून कोरून घेतली. दुकानात हाच माल ‘एचई थर्टी’ म्हणून मिळतो. एकही वेल्ड नाही, आतले कोपरे मोठ्या त्रिज्येने गोलवलेले, आणि रोलिंगची दिशा आर्मच्या लांबीत. कटरच्या खुणा बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासून काढल्या, कारण तडा अशाच ओरखड्यातून सुरू होतो. मूळ पोलादी आर्म २.९ किलोचा, हा १.९. वजनासाठी एवढा खर्च करावा असं मी कुणालाही सांगणार नाही. मला मिळालं ते वेगळंच : २५ मिलिमीटरच्या अखंड छेदामुळे ब्रेक लावताना गाडीचं नाक हलत नाही. अॅल्युमिनियमचा कडकपणा पोलादाच्या एक तृतीयांश, तेव्हा हे धातूमुळे नाही, आकारामुळे.

सात महिन्यांत या जोडीवर चार वेळा डीपी झाली, रेघ नाही. आर्म सांगाड्याला जोडतो तिथल्या बुशच्या भोकात मात्र पावसाळ्यानंतर पांढरी भुकटी सापडली. पोलादी स्लीव्ह आणि अॅल्युमिनियमच्या मध्ये चिखलाचं पाणी राहिलं की हे होतंच. बुश दाबून काढले, भोकं साफ केली, प्रायमर आणि ग्रीस लावून परत बसवले. बोल्ट सैल झाला तर कळावं म्हणून बॉल जॉइंटच्या बोल्टवर रंगाची खूण आहे, प्रत्येक फेरीनंतर ती बघतो.

बीएमडब्ल्यूने १९९५ च्या ५ सिरीजमध्ये जवळपास सगळं सस्पेन्शन अॅल्युमिनियमचं केलं, हे उदाहरण मला अनेकांनी दिलं. पण कंपनी हजारो तास टेस्ट रिगवर घालवते, माझ्याकडे एक डीपी किट आहे. आणि अॅल्युमिनियमला पोलादासारखी अशी मर्यादा नसते, की जिच्या खाली कितीही वेळा ताण द्या, काही होणार नाही. लहान ताणही साठत जातो. ६०६१ चा धडधाकट तुकडासुद्धा ५० कोटी वेळा ताण द्यायचा तर शंभर मेगापास्कलच्या खालीच टिकतो. म्हणून रेघ दिसो न दिसो, दोन वर्षं झाली की ही जोडी उतरवायची, हे आत्ताच ठरवून आर्मवर तारीख कोरली आहे. उतरवल्यावर ती कुणाला विकणार नाही. बॉल जॉइंटपाशी करवतीने कापून आत काय झालंय ते बघणार आहे.