बँकार्ट रिपेअर, सहा महिन्यांच्या वापरानंतर: अँकरला पूर्ण गुण, पट्टा काठावर पास

दुर्बिणीतून केलेल्या बँकार्ट रिपेअरबद्दल, म्हणजे निखळणाऱ्या खांद्याच्या ऑपरेशनबद्दल, वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं अँकर (हाडात ठोकायच्या दोरा असलेल्या खुंट्या), एमआरआय आणि बिलाबद्दल. ऑपरेशन एक-दोन तासांत उरकतं. त्यानंतर चार ते सहा आठवडे रात्रंदिवस अंगावर राहतो तो खांद्याचा पट्टा, आणि त्याच्याबद्दल डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ असते: स्लिंग वापरावी. कोणती, किती उंचीवर, झोपताना कशी, यातलं काहीच नाही. या सगळ्या अनुभवातली सर्वांत कच्ची बाजू हीच आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

मेडिकलमध्ये मागितलं की समोर येतो तो निळा पाउच, गळ्यात एक पट्टी असलेला. हाताचा सगळा भार मानेवर येतो आणि चार दिवसांत मानेच्या मागे कातडी सोलवटते. त्याऐवजी कमरेला रुंद पट्टा असलेला इमोबिलायझर घ्यावा, किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बगलेत उशी बसणारा. माप घेताना दंडाचा घेर बघतात, ते पुरेसं नाही. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत लांबी मोजा. पाउच आखूड असला की मनगट काठावर लोंबतं, हातावर सूज येते, करंगळीला मुंग्या येतात. कोपर पाउचच्या कोपऱ्यात घट्ट टेकलं पाहिजे आणि पंजा कोपरापेक्षा किंचित वर हवा. पट्टी जास्त आवळली तर खांदा कानाकडे ढकलला जातो, सैल सोडली तर हाताचं वजन सांध्यावर लोंबकळतं. आरशासमोर उभं राहून दोन्ही खांदे एका रेषेत दिसले, म्हणजे पट्टी बरोबर.

खरी गडबड रात्री होते. उताणं झोपलं की कोपर गादीत खाली जातं, दंड धडाच्या रेषेच्या मागे पडतो आणि दंडाच्या हाडाचा वरचा गोळा पुढे सरकून नेमका शिवलेल्या जागेवर दाब देतो. रात्री तीनला खांद्याच्या पुढच्या बाजूला ठणका लागून जाग येते ती बऱ्याचदा यामुळे. उपाय फुकटातला आहे: जाड सोलापुरी चादरीची चौपदरी घडी कोपराखाली. झोपल्या झोपल्या आपलं कोपर स्वतःला दिसलं पाहिजे, इतकी उंची हवी. पहिले दोन आठवडे पाठीला तीन-चार उशा लावून अर्धवट बसून झोपणं सगळ्यांत सुसह्य. वेल्क्रोत पंचाचे धागे अडकून तिसऱ्या आठवड्यात पकड जाते. जुन्या टूथब्रशने घासलं की परत धरतं, नवा पट्टा लागत नाही. पण आपल्याकडच्या घामात एका पट्ट्यावर भागत नाही. बगलेत पुरळ आलं तर टाके भरेपर्यंत जीव नकोसा होतो. दोन घ्या, आलटून पालटून धुवा. बगल धुताना कमरेतून पुढे वाकून हात सैल खाली सोडायचा, दुसऱ्या हाताने धुवायचं, नीट कोरडं करायचं. दंड स्वतःच्या ताकदीने उचलायचा नाही. शर्ट पुढे बटणांचाच: घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी.

आता मूळ कामाकडे. ब्लंडेल बँकार्ट यांनी 1923 साली दाखवून दिलेलीच दुखापत आजही दुरुस्त होते: खांदा पुढे निखळताना, गोळा ज्या खोबणीत बसतो तिच्या पुढच्या-खालच्या कडेची लेब्रम नावाची मऊ किनार हाडापासून सुटते. उजव्या खांद्यात घड्याळाची तबकडी कल्पिली तर साधारण तीन ते सहाच्या दरम्यान. ही खोबण मुळात बशीइतकी उथळ, त्यामुळे ती किनारच आधार असते. सर्जन कड खरवडून ताजी करतो, हाडात सुमारे 3 मिलिमीटरचे अँकर ठोकतो आणि त्यांच्या दोऱ्यांनी किनार व कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) वर ओढून बांधतो. नुसत्या दोऱ्याचे अँकर दीड मिलिमीटरच्या आसपासच्या भोकात बसतात. तीनपेक्षा कमी अँकरवर काम भागवलं असेल तर कारण विचारा. सर्वांत खालचा, साडेपाचच्या जवळचा अँकर बसवायला अवघड असतो आणि महत्त्वाचाही तोच.

बिलातली जड ओळ बहुतेक वेळा अँकरची असते, आणि काटकसर करायची ती इथे नाही. पीक (PEEK) या प्लास्टिकचा अँकर विरघळत नाही, एमआरआयला अडवत नाही. धातूचा अँकर स्वस्त पडतो, पण चुकून वर उभा राहिला तर गोळ्याची कूर्चा खरवडतो. पैसे वाचवायचेच तर बर्फाच्या मशीनवर वाचवा. फ्रीजरमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं ठेवली की तेच काम होतं. जिमचं पॅकेजही पहिले तीन महिने नको, त्यानंतरही सुरुवातीला एक रबर बँड आणि अर्ध्या लिटरची बाटली पुरते.

सीटी स्कॅनवर मात्र एक रुपया वाचवू नये. वारंवार निखळलेल्या खांद्यात खोबणीची कड झिजलेली असते आणि गोळ्याच्या मागे, कडेवर आपटून, हिल-सॅक्सचा खड्डा पडलेला असतो. हा खड्डा अडकेल का, ते मोजायचं गणित असं: खोबणीची मूळ रुंदी 28 मिलिमीटर आणि झीज 4 मिलिमीटर धरा. 28 चे 83 टक्के म्हणजे 23.2, त्यातून 4 वजा, उरले 19.2. खड्ड्याची आतली कड गोळ्याच्या मागच्या स्नायूच्या जोडापासून यापेक्षा लांब असेल तर हात वर करून बाहेर फिरवताना खड्डा खोबणीच्या कडेत अडकतो आणि नुसती बँकार्ट पुरत नाही. मग इन्फ्रास्पायनेटस हा मागचा स्नायू त्या खड्ड्यात शिवून टाकतात, त्याला रेम्प्लिसाज म्हणतात. हाडाची झीज 20 ते 25 टक्क्यांवर गेली तर लातार्जे: कोराकॉइडचा (खांद्याच्या पुढच्या बाजूच्या आकड्यासारख्या हाडाचा) दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा स्नायूसकट कापून खोबणीच्या कडेला दोन स्क्रूंनी बसवायचा. मिशेल लातार्जे यांनी 1954 मध्ये सांगितलेली ही रीत भक्कम आहे, पण नस दुखावण्याचा आणि स्क्रूच्या तक्रारींचा धोका बँकार्टपेक्षा जास्त. वय विशीच्या आत, खेळ कबड्डीसारखा अंगाला अंग भिडणारा आणि त्यात हाडाची झीज असं सगळं एकत्र आलं, तर "आधी साधं करून बघू" हा सल्ला महाग पडतो. दुसरं ऑपरेशन नेहमी पहिल्यापेक्षा अवघड असतं. ऑपरेशन ठरण्याआधी सर्जनला सरळ विचारा: झीज किती टक्के, आणि खड्डा अडकणारा आहे का?

भुलीबद्दल थोडक्यात. मानेतला ब्लॉक, म्हणजे हाताच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, अप्रतिम चालतो, पण बारा ते चोवीस तासांत उतरतो, आणि बहुधा मध्यरात्रीच. दुखायला लागण्याआधीच गोळी पोटात गेलेली हवी. ब्लॉक असेपर्यंत आवाज घोगरा होणं, एक पापणी जड वाटणं, श्वास अपुरा वाटणं हे अनेकांना होतं आणि उतरतं. धाप वाढत गेली तर मात्र लगेच सांगावं. ब्लॉक उतरल्यावरही दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर चकती उरली तर ॲक्झिलरी या खांद्याच्या नसेची तपासणी मागून घ्या. सलाईनमुळे खांदा फुटबॉलपटूसारखा फुगलेला दिसतो, ती सूज दोन दिवसांत उतरते.

तिसऱ्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर "हात आखडला" ही तक्रार पहिल्या ओळीत असती. सहाव्या महिन्यानंतर ते मत बदललंय. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवणं सर्वांत उशिरा परत येतं आणि तसंच ते यायला हवं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत समोर सरळ रेषेपर्यंतच, सहाव्या आठवड्याच्या सुमारास छत्री आडवी धरून दुसऱ्या हाताने ढकलत 30 अंश, पुढे हळूहळू. हात खांद्याच्या उंचीवर आणि तळवा बाहेर, ही लोकलची कडी धरण्याची स्थिती बारा आठवडे बंद. घाईने 60 अंश मिळवलेला खांदा बाहेरून छान दिसतो, आत शिवण ढिली झालेली असते. शेवटी पाच-दहा अंश कमी राहिले तर तो तोटा मानू नये. पूर्वी पुट्टी-प्लॅट पद्धतीत पुढचा स्नायू मुद्दाम आखडून शिवायचे. खांदा निखळायचा थांबे, पण हात बाहेर फिरणं कायमचं जाई आणि पुढे सांधा झिजे. त्या मानाने आजची किंमत फार कमी आहे. कोपर, मनगट आणि बोटं मात्र पहिल्या दिवसापासून दिवसातून चार-पाच वेळा पूर्ण हलवा. कोपर आखडलं तर तो निव्वळ हलगर्जीपणा.

रबर बँडची ताकदीची कामं बाराव्या आठवड्यानंतर. दुचाकी चालवण्यापेक्षा ती डबल स्टँडवर चढवणं जास्त धोक्याचं, तो हिसका पाच महिने टाळा. जिममध्ये डिप्स आणि मानेमागून ओढायचा पुलडाउन कायमचे सोडलेले बरे. बेंच प्रेसला कोपर धडाच्या मागे जाऊ देऊ नका. कबड्डी-कुस्तीला सहा महिने हा किमान आकडा आहे. ताकद दुसऱ्या हाताच्या नव्वद टक्क्यांवर आली नसेल तर आठवा महिनाही लवकरच. चढाईत पसरलेला हात मागे ओढला जातो, ती खांदा निखळण्याचीच स्थिती असते.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी मागून घ्या: दुर्बिणीचे फोटो, ऑपरेशन नोट आणि अँकरच्या खोक्यांवरची स्टिकर्स. किती अँकर, कुठे, कोणत्या मापाचे, हे नोटमध्ये असतं. बिलातल्या संख्येशी स्टिकर्स मोजून जुळवा. विम्याच्या दाव्यात ती लागतात आणि पुढे खांद्याला पुन्हा हात घालावा लागला तर नव्या सर्जनचं पहिलं काम त्या कागदावरच सुरू होतं.