मागून मिळणारी रजा आणि न मागता मिळणारी सुट्टी

अभ्यासिकेतली पोरं हल्ली मला चहाच्या टपरीवर गाठतात. एखाद्याला बँकेत क्लार्कची ऑर्डर आलेली असते आणि त्याच सुमारास शिक्षकभरतीच्या सरकारी 'पवित्र' पोर्टलवर शाळाही लागलेली असते. "सर, तुम्ही दोन्हीकडं होता, काय घेऊ?" मग जरा दबकत पुढचा प्रश्न येतो, "पण मास्तरांना एवढ्या सुट्ट्या, हे बाकीच्यांवर अन्यायच ना?"

माझं असं झालं. डी.एड. केलं आणि २०१२ मध्ये शिक्षकभरतीच बंद पडली. वाट बघून कंटाळलो, बँकेची परीक्षा दिली आणि आठ वर्षं काउंटरवर काढली. पुढं २०२३ ची अभियोग्यता चाचणी, म्हणजे शिक्षकभरतीची परीक्षा, निघाली आणि २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत रुजू झालो. घरच्यांनी तेव्हा मला वेड्यात काढलं होतं, आणि पैशांपुरतं त्यांचं बरोबरच होतं. बँकेत पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार. इथं कायम होण्याआधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० मानधन. २०२३ च्या आधी हेच ६,००० होतं, त्यामुळं जुने सर "तुमची मजा आहे" म्हणतात. बँक सोडली तसं घराचं कर्जही स्टाफच्या दरावरून साध्या दरावर गेलं. तो हप्ता अजून टोचतो. पेन्शनचं रडगाणं दोन्हीकडं सारखंच. तेव्हा निव्वळ रुपये मोजायचे असतील तर बँक घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

आता सुट्ट्या. जिल्हा परिषदेच्या शाळांना रविवार सोडून वर्षाला ७६ सुट्ट्या, हा आकडा गावात प्रत्येकाला पाठ. पण राज्य सरकारच्या बाकीच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, म्हणजे नोकरी करून कमावलेली भरपगारी रजा, मिळते आणि साठलेली रजा निवृत्तीला ३०० दिवसांपर्यंत रोखीत वटवता येते, हे कुणी बोलत नाही. आम्ही दीर्घ सुट्टी घेणारे, म्हणून आम्हाला ती नाही. म्हणजे मे महिन्याची किंमत आम्ही निवृत्तीच्या दिवशी मोजतो. शिवाय सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा, बँकेला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. आमची शनिवारची शाळा सकाळी भरतेच. किरकोळ रजा बँकेत बारा, इथंही बाराच. मग यात खास लाड कुठले?

बँकेत पीएल, म्हणजे हक्काची भरपगारी रजा, ढिगानं साठायची. घेता मात्र यायची नाही. आमच्या गावची जत्रा चैत्रात. एका वर्षी महिनाभर आधी पोर्टलवर तीन दिवसांचा अर्ज टाकला. समोर पिवळ्या अक्षरांत 'पेंडिंग'. रोज कॅश बंद केली की उघडून बघायचो. शेवटी साहेबांनी बोलावलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाचं टोपण फिरवलं. "एक तारखेपासून पेन्शनर. दहापर्यंत पगाराची गर्दी. इथं सुट्टीला जोडून येतेय, ते नको. महिनाअखेरीचं तर तुलाच माहितीय. मधे घे की!" जत्रेची तारीख काय मी ठरवतो? माणूस वाईट नव्हता. काउंटर दोन आणि माणसंही दोनच, तो तरी काय करणार. पण आठ वर्षं मी हक्काची रजा उसने पैसे मागावेत तशी मागितली. पगार नाही, टार्गेट नाही, मला बँकेतून उठवलं ते या मागण्यानं.

शाळेत सुट्टी मागावी लागत नाही, ती येते. मुलांची असते, तिच्यात आपली निघून जाते. मे महिन्यात मी माझ्या मुलीबरोबर घरी असतो, आणि त्यासाठी कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

उलट बाजूही सांगतो. वडिलांच्या मोतीबिंदूची तारीख मंगळवारची मिळाली. एक किरकोळ रजा टाकली, ती लगेच मंजूर. पण शाळेत उरल्या एकट्या बाई, पहिली ते चौथीची एकतीस पोरं आणि खिचडी. वडिलांना आत नेलं आणि फोन वाजला. "सर, तांदळाच्या कोठीची किल्ली कुठं ठेवलीय?" किल्ली माझ्या खिशात होती. त्या दिवशी पोरांनी शेजारच्या घरून आणलेल्या तांदळाची खिचडी खाल्ली. तेव्हापासून किल्ल्या दोन केल्यात, पण रजेचा अर्ज लिहिताना अजूनही हात अडखळतो. बँकेत साहेब अडवायचे, इथं ती एकतीस पोरं अडवतात. मला दुसरं अडवणं परवडतं. तुम्हाला परवडेलच असं नाही.

सुट्टी तरी पूर्ण मिळते का? जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही कामं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच आमच्याकडं दिलीत. वर 'शाळेतल्या उपक्रमाचे फोटो आजच अपलोड करा' हे कुठल्याही कायद्यात नसलेलं कलम आहेच. सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानं पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्यांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची केली. बाईंची वीस वर्षं नोकरी झालीय. त्यांनी दिवाळीची सुट्टी फराळाच्या डब्याशेजारी सरावप्रश्न सोडवण्यात घालवली.

शिक्षकांना इतरांपेक्षा खास सवलती हव्यात का? दवाखान्यातल्या सिस्टर आणि एसटीचे कंडक्टर लक्ष्मीपूजनालाही ड्यूटीवर असतात. त्यांच्यासमोर मला 'हव्यात' म्हणवत नाही. विधान परिषदेत शिक्षकांचे वेगळे आमदार असतात, ती एक खास सवलत म्हणावी, तर तिथं मतदान माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. आम्हा प्राथमिकवाल्यांना तेही नाही. मला विचाराल तर नवं काही नको, तेवढे फोटो बंद करा.

परवा आलेल्या पोराला मी एवढंच विचारलं, घरावर कर्ज आहे का? नाही म्हणाला. मग म्हटलं, तीन वर्षं काढता येतील. शाळा कुठली लागलीय, एसटी जाते का तिथं, ते आधी बघून ये.