व्हायोलेटसाठी वातीच्या कुंड्या: नऊ महिन्यांनंतर

परवा माझं कायमेरा, म्हणजे पट्टेदार फुलांचं आफ्रिकन व्हायोलेट, गेलं. निळ्या पाकळ्यांवर पांढरे पट्टे असलेलं, दोन वर्षं जपलेलं. गाभ्याला बोट लावलं आणि वरचा झुपका अलगद हातात आला, खाली तपकिरी चिखल. साधं आफ्रिकन व्हायोलेट असतं तर एक पान लावून पुन्हा केलं असतं. पण कायमेराच्या पानातून बहुधा पट्टे उतरत नाहीत, त्याला पिल्लूच, म्हणजे बुंध्यातून फुटलेलं छोटं रोपच लागतं. म्हणून आज लिहायला बसले.

ऑक्टोबरमध्ये बारा कुंड्यांचा संच साडेनऊशेला घेतला. खाली पाण्याची टाकी, मधून वात, ती पाणी वर मातीत ओढते. कुंडी चांगली आहे. वात मात्र सुती दिलीय, आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

जानेवारीत टाकी भरलेली असूनही पानं लोळायला लागली. मी खताला दोष दिला, कोकोपीटला (मातीत घातलेल्या नारळाच्या भुशाला) दिला, ते पुन्हा धुतलं. शेवटी एक कुंडी उपडी केली. वात काळी, बुळबुळीत, ओढल्यावर ओल्या कागदासारखी तुटली. ओल्या मातीत सूत कुजणारच. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं, ‘वात वॉरंटीत येत नाही.’ चार रुपयांचा तुकडा! घरात नायलॉनची दोरी होती, तिचे पीळ सोडवून बाराही कुंड्यांत घातले.

तेव्हा मी दोन तारे देणार होते. पण एप्रिलमध्ये सोळा दिवस गावी होतो, पुण्यात उन्हाचा कहर. परत आले तर एकही झाड सुकलेलं नाही, आणि गुलाबी झालरीच्या मिनिएचरवर (छोट्या जातीच्या व्हायोलेटवर) अकरा फुलं. त्या दिवशी मत बदललं.

जुलैने ते पुन्हा बदलायला लावलं. पावसाळ्यात हवाच इतकी दमट की माती वाळत नाही, आणि वात ओढतच राहते. ही झाडं टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतली, सावलीतल्या खडकांच्या कपारींत वाढणारी. तिथे मुळांशी जेमतेम माती, पाणी पडतं आणि निघून जातं. त्यांना सतत भिजत ठेवणं म्हणजे मुळांचा श्वास कोंडणं. हे मला ठाऊक होतं, तरी टाकी भरलेली ठेवली. चूक माझी, कायमेरा त्यातच कुजलं.

आता टाकी रिकामी झाली की तीन-चार दिवस तशीच ठेवते, कुंडी उचलून हलकी लागली तरच भरते. मातीत निम्मं परलाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे. काठावर क्षारांची पांढरी कड धरते, तिथे टेकलेल्या देठांना खाचा पडतात. महिन्यातून एकदा वरून पाणी सोडून माती धुवावी आणि काठ पुसून घ्यावा.

साडेतीन तारे. वात बदलली तर चार.

कायमेराच्या बुंध्याचा कडक राहिलेला तुकडा ओलसर परलाइटमध्ये ठेवलाय. बगलेतून पिल्लू फुटलं तर पट्टे टिकतील. कोणाकडे निळ्या-पांढऱ्याचं पिल्लू असेल तर सांगा, बदल्यात झालरीवाल्याची दोन पानं देते.