फुकटातल्या कुत्र्याचे 26,000 रुपये

दत्तक द्यायच्या कुत्र्याला किंमत नसते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तरीही आमच्या घरातून 26,000 रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण दत्तकाच्या नावाखाली फसवणाऱ्या या टोळीने खऱ्या प्राणीमित्रांची पद्धत इतकी हुबेहूब उचलली आहे की चौकस माणूसच आधी अडकतो.

जाहिरात बेंगळुरूच्या पाच महिन्यांच्या लॅब्रॅडॉरची. मालक परदेशी गेले, पिल्लू सोडून दिलं, शेल्टरमध्ये जागा नाही. पैशांचा विषयच नाही. उलट लांबलचक फॉर्म आला: घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसभर घरी कोण असतं, बाल्कनीला जाळी आहे का, आधी कुत्रा पाळला असेल तर तो कशाने गेला. मग व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगितलं. पुण्यात कुत्री दत्तक देणारी माझ्या ओळखीची मंडळी अगदी हेच विचारतात. त्यामुळे शंका येण्याऐवजी विश्वास बसला. ‘अर्ज मंजूर’ असा मेसेज आला तेव्हा लेक घरभर नाचली. गळाला लावलेलं आमिष हेच होतं, आपण पात्र ठरल्याचं.

मग तयारी. जाळी ठोकून घेतली, वायरी वर बांधल्या, गादी, भांडी, पट्टा आणला. कुत्र्यांना मनुका-बेदाणे बाधतात हे कळल्यावर सासूबाईंनी सुक्या मेव्याचा डबा वरच्या फळीवर नेला. नावही ठरलं. एवढं झाल्यावर मागे फिरवत नाही, आणि पैशांची पहिली मागणी नेमकी तेव्हाच आली.

विमानभाडं 4,500. ते भरल्यावर विमानाच्या नियमात बसणारा पिंजरा हवा म्हणून 8,500, ‘पिल्लू पोचताच परत’. मग विम्याचे 13,000, तेही परत मिळणारे, आणि तासाभरात भरा, नाहीतर पिल्लू विमानतळावर अडकेल. पावती दर वेळी संस्थेच्या नावाची, पण यूपीआयवर दिसणारं नाव दर वेळी वेगळ्याच माणसाचं. विचारलं तर उत्तर तयार: आमच्या खजिनदारांचं खातं आहे. पिल्लाला व्हिडिओवर दाखवा म्हटलं की ते नुकतंच झोपलेलं असायचं.

आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांनी टोळीने पाठवलेला पिल्लाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो पाहिला आणि पहिल्या मिनिटात कपाळाला हात लावला. जन्मतारखेनंतर महिन्याभरात रेबीजची लस टोचल्याची नोंद. ही लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला देतात. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवतात, ते नव्हतं. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता.

आम्ही पैसे थांबवले, तेव्हा ‘कायदेशीर नोटीस’ आली: तुम्ही प्राण्याला वाऱ्यावर सोडलंत, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 18,000 रुपये दंड, न भरल्यास अटक. वकील असलेला भाचा हसला. त्या कायद्यात प्राण्याला क्रूरपणे वागवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. खऱ्या कुत्र्यांच्या दृष्टीने ही लाजिरवाणी गोष्ट, पण आमची भीती तिथेच गेली. आणि दंड कोर्ट ठोठावतं, व्हॉट्सअॅपवरचा माणूस नाही.

लगेच 1930 वर फोन केला. सायबर फसवणुकीची ही सरकारी हेल्पलाइन आहे. तिथे प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी विचारतात, म्हणून रागाच्या भरात चॅट पुसू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात. आमचे विम्याचे 13,000 सापडले, आधीचे दोन्ही हप्ते निघून गेले होते. गोठवलेली रक्कम हातात पडावी म्हणून भाच्याने कोर्टात अर्ज दिला आहे.