अ‍ॅनालॉग रिदम: परफॉर्मन्स मोड की सीन मोड?

एलेक्ट्रॉनच्या अ‍ॅनालॉग रिदम या ड्रम मशीनवर (तालवाद्यांचे आवाज काढणारं यंत्र) बोटाने दाबायचे 12 पॅड आहेत. लाइव्ह वाजवताना आवाज बदलण्यासाठी तेच पॅड परफॉर्मन्स मोडमध्ये वापरावेत की सीन मोडमध्ये, इथे बरेच जण अडतात.

आधी तयारी. दोन्हींत रीत सारखीच: मोड निवडा, पॅड दाबून धरा, हवा तो नॉब फिरवा. शेवटी किट (आवाजांचा संच) सेव्ह करा. विसरलात, तर किट पुन्हा लोड होताच सगळी मेहनत गेली.

खरा फरक हातात जाणवतो. परफॉर्मन्समध्ये दाब वाढेल तसा आवाज मूळ जागेपासून सरकतो आणि बोट उचललं की परत येतो. फिल्टर (आवाज गडद-उजळ करणारा भाग) हळूहळू उघडणं, स्नेअर ड्रमचा रिव्हर्ब (घुमारा) दोन ठोक्यांपुरता फुलवणं, हे इथेच जमतं. दोन-तीन पॅड एकत्रही दाबता येतात. पण सोळा मात्रा एकसारखा दाब टिकवणं अवघड. बोट थकतं आणि फिल्टर डगमगतो. आणखी एक चूक नेहमीची: व्हॉल्यूम किंवा रेझोनन्सला (फिल्टरचा टोकदारपणा) बदलाचं प्रमाण फार मोठं देणं. जोशात जोरात दाबलं की कानठळ्या बसतात. हे प्रमाण ठरवताना पॅड पूर्ण दाबूनच ऐका.

सीनला दाबाशी देणंघेणं नाही. एक टिचकी, ठरलेली मूल्यं लागू. पुन्हा टिचकी, पूर्ववत. एका वेळी एकच सीन चालतो आणि बदल झटक्यात होतो.

उठाव, फिल (दोन भागांमधला छोटा तुकडा), क्षणिक रंग हवा असेल तर परफॉर्मन्स. ब्रेकडाउनसारखा (ताल विरळ होतो तो टप्पा) लांब भाग हवा आणि हात दुसऱ्या वाद्यावर असेल तर सीन. यंत्राची मार्क टू ही दुसरी आवृत्ती असेल तर लांब चढणीसाठी पॅड दाबण्याऐवजी क्विक परफॉर्मन्सचा नॉब वापरा, बोटाला विसावा मिळतो.